प्रेमचंदचा शब्द आणि आजचे ‘बाय’

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, आणि त्याच सुमारास दुबई-शारजातल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ‘या दिवाळीत घ्यावेत असे शेअर’ अशा याद्या फिरू लागतात. प्रत्येक नावापुढे ‘बाय’ आणि एक टार्गेट. जन्मभर आर्थिक इतिहास शिकवलेल्या माणसाला त्या वाचताना १८६४ सालची मुंबई आठवते. वाचकहो, ती हकीकत तुम्हालाही ठाऊक असावी.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चारपाच वर्षांत मुंबईत सुमारे आठ कोटी पौंड जादा आले, असा त्या काळचा हिशेब आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. बँका, फायनान्शियल असोसिएशन, कापूस दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. त्यांपैकी कित्येकींकडे दारावरची पाटी आणि छापलेले कागद यांपलीकडे फारसे काही नव्हते. सर्वांत गाजली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

या सगळ्याच्या मध्यभागी होता सुरतेचा प्रेमचंद रायचंद, कापसाचा आणि शेअरांचा दलाल. नव्या कंपनीचे शेअर कुणाला किती मिळणार हे बहुधा तोच ठरवी. तो ज्या कागदाला हात लावील तो चढणार, अशी लोकांची खात्री होती. तेव्हा विश्लेषक नव्हते, मानांकन नव्हते. प्रेमचंदचा शब्द हेच मानांकन. आता नीट पाहा. कंपनी काढण्यात तोच, शेअर वाटण्यात तोच, आणि ते शेअर घ्यायला लोकांना कर्ज देणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेतही वजन त्याचेच. १८६३ च्या कायद्याने या बँकेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती, आणि प्रेमचंदची शिफारस असली की तिथे फारशी चौकशी होत नसे. बँकेत सरकारचे भांडवल होते, म्हणून लोक आणखी निर्धास्त.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या सौद्यांची मुदत होती. त्या दिवशी पैसे देणारा शोधून सापडेना. दिवाळखोरांची संख्या इतकी वाढली की सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखा विद्वान माणूसही या सट्ट्यात पोळला, म्हणजे हे केवळ अडाण्यांचे वेड नव्हते. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिच्या कर्जांची चौकशी केली. प्रेमचंदबद्दल मात्र न्यायाने बोलले पाहिजे: तो स्वतःही बुडाला, आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतून उभा आहे. माझा आक्षेप त्याच्या नियतीवर नाही. विकणारा आणि सल्ला देणारा एकच असला की काय होते, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न पुढेही सुटला नाही. २००३ साली अमेरिकेतल्या दहा बड्या गुंतवणूक बँकांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरून तडजोड केली. ज्या कंपन्यांचे शेअर बाजारात आणून त्या दलाली कमवत होत्या, त्यांचीच भलामण त्यांचे विश्लेषक करत होते, आणि खाजगी ईमेलमध्ये त्याच शेअरांना कचरा ठरवत होते.

आणि इथे, आपल्या डोळ्यांसमोर? २००५ साल ज्यांना आठवते त्यांना अबुधाबीच्या आबार पेट्रोलियमचा इश्यू आठवेल. मागणी सुमारे ८०० पट आली. शारजाच्या दाना गॅसला १४० पट. त्या काळी शेअर दर्शनी किमतीला मिळत, म्हणून पहिल्याच दिवशी उडी ठरलेली, आणि ती उडी पाहून पुढच्या इश्यूला आणखी रांगा. वर्षभरात दुबईचा निर्देशांक निम्म्याहून खाली आला. एनएमसीचे उदाहरण तर ताजे आहे. १९७५ साली अबुधाबीत सुरू झालेली ही कंपनी २०१२ मध्ये लंडनच्या बाजारात गेली आणि २०१७ मध्ये तिथल्या पहिल्या शंभरांत पोचली. डिसेंबर २०१९ मध्ये मडी वॉटर्सने तिच्या हिशेबांवर शंका घेतली, तेव्हा बऱ्याच विश्लेषकांचे मत ‘बाय’च होते. काही महिन्यांत चार अब्ज डॉलरहून अधिक न दाखवलेले कर्ज बाहेर आले आणि भागधारकांच्या हाती शून्य उरले. मडी वॉटर्सही काही साधुसंत नव्हे. भाव पडला तर त्यांना नफा होता. पण ते त्यांनी उघड सांगितले होते. हितसंबंध उघड असलेला टीकाकार मला हितसंबंध झाकलेल्या मित्रापेक्षा बरा वाटतो.

हे सगळे का सांगतो? इथे आपल्याला पेन्शन नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढे तीस दिवसांचा, अशी साठत गेलेली ग्रॅच्युइटी एकदाच हातात येते, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी यादी पाठवतो. मुलांनो, तुम्ही इथेच वाढलात, मोबाइलवरून दोन मिनिटांत अर्ज भरता. माहितीपत्रकात पैसा कुठे जाणार ते पान आधी काढा. पेटीएमच्या १८,३०० कोटींच्या इश्यूत १०,००० कोटी जुन्या भागधारकांचे शेअर विकत घेण्यात जाणार होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० ला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला. मॅक्वेरीने १,२०० चे टार्गेट दिले, तेव्हा अनेकांना ते अपशकुनी वाटले होते. डिसेंबर २०२४ मध्ये दुबईत तलबातचा शेअर १ दिरहम ६० फिल्सला आला. सुमारे दोन अब्ज डॉलर जमले आणि ते सगळे मूळ मालक डिलिव्हरी हीरोकडे गेले, तलबातला त्यातले काहीच मिळाले नाही. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले होते.