सामू साडेपाच

ऑक्टोबर 2004. थायलंडमधील सी राचाच्या व्याघ्र-उद्यानात वाघांना कोंबडीचे कच्चे मांस घातले जाते. 441 पैकी 147 वाघ जातात. काही आजाराने, काही साथ थोपवण्यासाठी मारावे लागल्याने. विषाणू एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू.

ऑगस्ट-सप्टेंबर 2024. दक्षिण व्हिएतनाममध्ये 47 वाघ आणि 3 सिंह. तोच विषाणू.

डिसेंबर 2024. नागपूरचे गोरेवाडा बचाव केंद्र. मानव-वन्यजीव संघर्षानंतर चंद्रपूरकडून आणलेले वाघ पिंजऱ्यात आहेत. विषाणू कुठून शिरला, याचा संशय पुढे कोंबडीच्या मांसावरच गेला. 70 अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. वाघाला मात्र मांस कच्चेच घालतात.

इथून पुढचे घड्याळ प्रयोगशाळेत पेशींवर मोजलेले आहे.

मिनिट शून्य. सुमारे 100 नॅनोमीटरचा कण, अंगावर हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचे तीन-चारशे खुंट. खुंट पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतो. खुंट आधीच कापलेला असावा लागतो, नाहीतर तो निकामी. साध्या फ्लूचा खुंट कापणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्गात असतात. घातक एच5एन1 चा खुंट फ्युरिन कापते, आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक अवयवात असते. म्हणून हा विषाणू फुप्फुसापुरता राहत नाही.

पहिली काही मिनिटे. पेशी कणाला पुटिकेत ओढून घेते. आत घेतलेले पचवायचे, ही तिची रोजची रीत. पुटिकेच्या भिंतीतले पंप प्रोटॉन आत सोडू लागतात. सामू (पीएच) 7 वरून 6 वर येतो, म्हणजे आतली आम्लता वाढते. अजून काहीही बिघडलेले नाही.

मिनिट 10 ते 20. सामू साडेपाचच्या आसपास. खुंटाची डोकी सैल होऊन बाजूला सरतात. पोटात दडलेला पाणी टाळणारा तुकडा सुमारे 10 नॅनोमीटर वर फेकला जातो आणि पुटिकेच्या पटलात रुततो. मग खुंट दुमडतो, विषाणूचे आणि पेशीचे पटल एकमेकांवर ओढले जाते. शेजारचे तीन-चार खुंट एकदम दुमडले, की भोक पडते. ही कळ एकदाच सुटते; समोर पटल नसताना आम्ल लागले, तर खुंट कायमचा वाया जातो. पेशीने आम्ल ओतले ते नेमके पटल समोर असताना. तेच आम्ल एम2 या बारीक नळीतून कणाच्या आत शिरून जनुकांची बांधणी मोकळी करते.

पहिला तास. विषाणूचे आठ आरएनए तुकडे केंद्रकात.

सहावा ते आठवा तास. नवे कण बाहेर पडू लागतात. पिंजऱ्याबाहेरून काहीच दिसत नाही.

20 डिसेंबर. गोरेवाड्यात एक वाघ मरतो.

23 डिसेंबर. आणखी दोन वाघ. एक बिबट्याही गेलेला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे रवाना होतात.

31 डिसेंबर. नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडच्या वाटेवर पर्यटकांच्या जिप्सी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना घेरतात. पुढे उच्च न्यायालय त्याची स्वतःहून दखल घेते. इथल्या वाघांना धोका कुठून, याचे उत्तर त्या दिवशी सर्वांना डोळ्यांनी दिसते. दुसरे उत्तर अजून भोपाळात आहे.

जानेवारी 2025 चा पहिला आठवडा. अहवाल जाहीर होतो: एच5एन1. केंद्रातल्या 12 वाघांची आणि 26 बिबट्यांची तपासणी होते. ते सगळे ठणठणीत निघतात.