भिशी म्हणजे काय? ती कशी चालते, कधी महाग पडते आणि कशी बुडते?

पगार दर महिन्याला सारखाच येतो, खर्च तसा येत नाही. जूनमध्ये शाळेची फी, पाठोपाठ गणपती, मग दिवाळी. डब्यात बाजूला ठेवलेल्या नोटा त्याआधीच कशात तरी खर्ची पडतात. यावर महाराष्ट्रातल्या चाळींत, बाजारपेठांत आणि ऑफिसांत वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय म्हणजे भिशी.

साधी भिशी अशी असते. बारा जणी दरमहा 5,000 रुपये काढतात आणि जमलेले 60,000 चिठ्ठी टाकून एकीला देतात. जिला भिशी लागली तिचं नाव पुढच्या चिठ्ठ्यांत नसतं, हप्ता मात्र तिने शेवटपर्यंत भरायचा. वर्षाअखेर प्रत्येकीने 60,000 भरलेले असतात आणि तेवढेच घेतलेले असतात. व्याज कोणालाच नाही. पहिला नंबर लागलेलीला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटचा नंबर लागलेलीची बिनव्याजी बचत होते. बऱ्याच ठिकाणी पहिली भिशी चालवणारीची असते. घरोघर वसुली करण्याचा तो मोबदला.

मग यात फायदा काय? दरमहा 5,000 एकटीने साठवले तर 60,000 व्हायला बारा महिने लागतात. भिशीत सगळ्यात शेवटच्या बाईलाही तेवढाच वेळ लागतो, बाकी अकरा जणींना मात्र ती रक्कम आधीच हातात पडते. शिवाय आवर्ती ठेव मोडायला कोणी अडवत नाही. भिशीचा हप्ता चुकवला तर जिन्यात शेजारीण भेटते. अशी पद्धत जगभर आहे. इंडोनेशियात तिला आरिसान म्हणतात, मेक्सिकोत तांदा. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1962 मध्ये तिच्यावर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो.

लिलाव भिशीचा हिशेब

इथे चिठ्ठी नसते, बोली असते. ज्याला पैशांची जास्त निकड तो कमी रक्कम घ्यायला तयार होतो. समजा दुसऱ्याच महिन्यात एकाने 60,000 ची भिशी 51,000 ला उचलली. सोडलेले 9,000 बारा जणांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकाचा हप्ता 750 ने कमी होऊन 4,250 होतो. सगळे खूश.

उचलणाऱ्याचं काय? पहिल्या महिन्याचे 5,000 त्याने आधीच भरलेत. 51,000 मधून या महिन्याचा हप्ता वजा केला तर हाती 46,750 उरतात आणि पुढे दहा महिने 5,000 भरायचेत. याचा व्याजदर काढला तर तो महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांच्या घरात जातो. पुढच्या महिन्यांतही बोली लागली तर त्याचे हप्ते कमी होऊन दर थोडा उतरतो, पण तरीही बँकेचं वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण बहुधा स्वस्त पडलं असतं. ‘फक्त नऊ हजार सोडले’ असं म्हटल्यामुळे हे लक्षात येत नाही. बचत म्हणून लिलाव भिशीत शिरलेल्या माणसाने शेवटपर्यंत थांबावं, हेच बरं.

तिसरा प्रकार दिवाळीला फुटणारी भिशी. आठवड्याला ठरावीक रक्कम जमा होते, सभासदांनाच व्याजाने दिली जाते आणि दिवाळीआधी मुद्दल व्याजासकट वाटलं जातं.

बुडते तेव्हा

वरच्याच बारा जणींतल्या एकीला चौथ्या महिन्यात भिशी लागली आणि तिने पुढचे हप्ते बंद केले, असं धरू. तिने भरले 20,000, घेतले 60,000. उरलेल्या आठही महिन्यांत भिशी 5,000 ने कमी भरते. हे 40,000 चालवणाऱ्याने घालायचे, असा बहुतेक ठिकाणी तोंडी समज असतो. लिहिलेलं काहीच नसतं. आणि चालवणाराच पैसे घेऊन निघून गेला तर ज्यांनी अजून उचललेली नाही त्यांचं सगळंच जातं. म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त धीर धरला, त्यांचंच नुकसान सर्वांत मोठं.

कायद्याने पाहिलं तर अशा योजना चिट फंड अधिनियम, 1982 च्या कक्षेत येतात. चिट सुरू करण्याआधी राज्य सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते. राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आतल्या लहान चिटना सूट आहे. केरळ सरकारची स्वतःची कंपनी 1969 पासून नोंदणीकृत चिट चालवते. आपल्याकडची घरगुती भिशी मात्र बहुधा विश्वासावरच असते. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे, भिशीला तो नाही.

त्यामुळे सभासद दहा-बाराच आणि एकमेकांच्या घरी जाणारे असावेत. मुदत वर्षाच्या आत बसावी. ‘माझ्या ओळखीचा आहे’ म्हणून कोणी अनोळखी नाव घातलं, तर त्याच्या हप्त्याची हमी ओळख देणाऱ्याने वहीत सही करून घ्यावी. हप्ता यूपीआयने भरताना शेऱ्यात ‘भिशी’ आणि महिना लिहिला तर पुरावा राहतो. रोख दिली तर वहीत तारखेसह सही हवी. आणि हप्ता किती झेपेल हे एरवीच्या महिन्यावरून ठरवू नये. जूनमध्ये फी भरून झाल्यावर जेवढे उरतात, तेवढाच धरावा. त्याहून मोठी भिशी लावायची इच्छा असेल तर वरची रक्कम पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकता येते. ती महिना 100 रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षांची असते.