विक्री प्रतिनिधीला घडवताना

भारतीय आयुर्विमा महामंडळाची स्थापना १९५६ साली झाली. तेथील विकास अधिकाऱ्याचे काम केवळ उद्दिष्टे वाटण्याचे नाही. विमा प्रतिनिधी निवडणे व त्यांना घडवणे ही त्याची जबाबदारी आहे. त्यासाठी प्रतिनिधीसोबत ग्राहकाकडे जाणे उपयुक्त ठरते.

अमरावती-अकोल्यात शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो मुख्यतः दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन व कापूस विकल्यावर. हप्ता पेरणीच्या दिवसांत ठेवल्यास तो थकतो, पॉलिसी बंद पडते आणि कुटुंबाचे विमासंरक्षण जाते. ही चूक मासिक बैठकीच्या आकड्यांत वेळेवर दिसत नाही. प्रत्यक्ष भेटीत दिसते. परतताना अधिकाऱ्याने प्रथम प्रतिनिधीचे ऐकावे, एकच त्रुटी एकांतात सांगावी आणि पुढील भेटीत सुधारणा पाहावी.