ग्रेट रिव्हर रोडवरील जिओकॅशिंग

जीपीएसवरील अक्षांश-रेखांशांच्या आधारे लपवलेली डबी शोधून काढण्याचा मैदानी खेळ म्हणजे जिओकॅशिंग. डबीतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी जिथल्या तिथे ठेवायची. प्रस्तुत नोंद अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या विस्कॉन्सिन काठापुरती आहे.

मार्ग : दहा राज्यांतून जाणाऱ्या ग्रेट रिव्हर रोडची आखणी १९३८ मध्ये हाती घेण्यात आली. हिरव्या-पांढऱ्या पाटीवरील जहाजाचे सुकाणूचक्र ही त्याची खूण. एकूण लांबीचे आकडे निरनिराळे मिळतात. विस्कॉन्सिनचा भाग सुमारे ४०० किमी. आहे. मुख्यतः राज्यमार्ग ३५ धरून तो प्रेस्कॉटपासून दक्षिणेकडे ३३ गावांतून जातो. पेपिन, अल्मा, ट्रेम्पेलो, प्रेरी दु शीन, कॅसव्हिल ही त्यांतली काही. त्यांतल्याच स्टॉकहोम गावाची वस्ती तर शंभराच्याही आत आहे.

खेळाचा आरंभ : नागरी जीपीएसमधील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी अमेरिकी सरकारने मे २००० च्या आरंभी काढून टाकली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये पहिली डबी ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झाले.

जागेची निवड : या काठावर डबी लपवणाऱ्याची खरी कसोटी लागते. उंच कडा, रस्ता, लोहमार्ग आणि नदी अनेक ठिकाणी एकमेकांना खेटून आहेत. खेळाच्या नियमांनुसार अमेरिकेत रुळांपासून १५० फुटांच्या आत डबी चालत नाही. दोन डब्यांत किमान १६१ मी. अंतर हवे आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणायची नाही. चिपेवा नदीच्या मुखापासून खाली मिसिसिपीच्या पात्राचा व बेटांचा मोठा भाग १९२४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव व मत्स्य अभयारण्यात मोडतो. तेथे डबी ठेवता येत नाही. पेरो व वायलूसिंग या राज्य उद्यानांत आदिवासींचे प्राचीन मृत्तिकास्तूप आहेत. तेथे डबी ठेवण्यापूर्वी उद्यानाची परवानगी लागते.

उरतात ती गावातली उद्याने, निरीक्षण-सज्जे आणि स्मारके. स्मारकावरील सनाचे आकडे अक्षांश-रेखांशांत भरून पुढचा टप्पा गाठायचा, ही बहुटप्पी डबीची नेहमीची युक्ती. वायलूसिंगमधील प्रवासी कबुतर या नामशेष पक्ष्याचे १९४७ चे स्मारक अशा कोड्याला साजेसे आहे.

डबीविना शोध : अर्थकॅशमध्ये डबी नसते, भूरूप पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची. चिपेवा नदीच्या गाळाने मिसिसिपी अडून झालेले पेपिन सरोवर आणि हिमनद्यांनी न घासलेला ड्रिफ्टलेस प्रदेश हे त्यासाठी समृद्ध विषय.

स्थानिक व्यापार : गावांना या खेळाचा लाभ होतो, असे सामान्यतः मानले जाते.

हंगाम : वसंतातील पुरात सखल जागेच्या डब्या बुडतात किंवा वाहून जातात. त्या दुरुस्त होईपर्यंत संकेतस्थळावर तात्पुरत्या बंद दाखवल्या जातात.

प्रवासी बिल्ले : क्रमांक कोरलेले हे बिल्ले खेळाडू एका डबीतून दुसरीत नेतात.