शब्दवेध : दप्तर

मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहिणे होत असे. फारसीत त्याचे ‘दफ्तर’ झाले, मराठीने ‘फ’चा ‘प’ करून ते आपलेसे केले. निजामशाहीचा वारसा सांगणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात ते तलाठ्याच्या कपाटात आणि पोरांच्या पाठीवर, दोन्हीकडे नांदते.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, एसक्यूएल, शिकू लागणाऱ्याने तलाठ्याच्या याच दप्तरापासून सुरुवात करावी. गाव नमुना सात जमिनीचे हक्क सांगतो, बारा पिकांची नोंद ठेवतो. आडव्या ओळी, उभे रकाने; डेटाबेसमधला तक्ता असाच असतो. समजा, असा एक तक्ता ‘सातबारा’ नावाने बनवला. मग लिहायचे : सिलेक्ट गट_क्रमांक फ्रॉम सातबारा व्हेअर तालुका = 'राहुरी' अँड पीक = 'ऊस'. काय हवे एवढेच सांगायचे. कसे शोधायचे ते यंत्र ठरवते. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974मध्ये मांडलेल्या या भाषेचे खरे बळ हेच.

नवशिक्याला ठेच लागते ती रिकाम्या, म्हणजे ‘नल’, रकान्यापाशी. पीक नोंदवलेलेच नसेल, तर ‘= नल’ लिहून एकही ओळ हाती येत नाही; ‘इज नल’ असेच विचारावे लागते. नोंद नसणे म्हणजे शून्य नव्हे. पडीक जमीन आणि पाहणीच न झालेली जमीन यांतला फरक शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. तो ज्याला कळला, त्याला ही भाषा अवघड नाही. आपल्या शाळांतून ती जरूर शिकवावी.