चतुर्थीच्या सकाळी नऊ एकतीस

7 ऑगस्ट 2025, सकाळी 9.31. उरले 480 तास.
अमेरिकेने भारतीय मालावर लावलेला 25 टक्के कर सुरू झाला. रशियाच्या तेलाचं कारण देऊन आणखी 25 टक्क्यांच्या आदेशावर आदल्या दिवशीच सही झाली होती. त्याला 27 ऑगस्टची मुदत होती. बांगलादेश आणि व्हिएतनामला 20 टक्के, आपल्याला 50. सुती कपड्यांवर जुनी ड्युटी धरून हा भार साठ टक्क्यांच्या वर जाणार होता.

खान्देशात तेव्हा पूर्वहंगामी कापूस कैऱ्यांनी, म्हणजे हिरव्या बोंडांनी, लगडला होता. मे अखेरीस ठिबकवर लावलेली ही झाडं. खत, फवारणी, निंदणी यांचा खर्च होऊन गेलेला, हाती रुपयाही आलेला नाही.

18 ऑगस्टची मध्यरात्र. उरले 201 तास.
इथे खरा घाव बसला, आणि तो दिल्लीहून आला. परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ झालं. 2021 च्या अर्थसंकल्पात हे शुल्क आलं होतं. 2022 मध्ये रुई खंडीला लाखाकडे गेली तेव्हाही ते काही महिने उठवलं होतं. पण तेव्हा बाजार चढा होता. या वेळी तो आधीच दबलेला होता.

ज्यांच्यासाठी ही माफी होती त्या सूतगिरण्यांची अडचण खोटी नव्हती. निर्यात थांबली तर तिथल्या कामगाराची चूल विझते. पण गिरण्यांना मदत करायची तर व्याजात सवलत देता येते, निर्यातीला थेट आधार देता येतो. तो भार सरकारी तिजोरीवर पडतो. शुल्कमाफीने तो कापूस उत्पादकाच्या भावावर टाकला. अमेरिकेशी बोलणी करायला तो नव्हता, रशियाचं तेलही त्याने घेतलं नव्हतं.

19 ऑगस्ट.
सीसीआयने, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाने, आपल्या गाठींच्या विक्रीचे भाव उतरवले. जिनिंगवाला नवा कापूस घेताना हेच भाव डोळ्यांपुढे ठेवतो.

22 ऑगस्ट, पोळा. उरले पाच दिवस.
बैलांच्या झुली, घुंगरं, शिंगांचा रंग, पुरणपोळी. उधारी मात्र कापसावर. दुकानदार थांबतो, कारण माल शेतात उभा दिसतो.

26 ऑगस्ट, रात्री साडेनऊ. उरले 12 तास.
अमेरिकेची सूचना स्पष्ट होती: मुदतीआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी तिथे दाखल झालेला माल वाढीव करातून सुटेल. ही सूट जहाजावर चढलेल्या मालाची. बोंडातल्या कापसाला कसली सूट?

27 ऑगस्ट, गणेश चतुर्थी, सकाळी 9.31.
वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं. 50 टक्के लागू. खान्देशात धरणगाव, बोदवडकडे याच दिवशी नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त करण्याची रीत आहे: काट्याची पूजा, नारळ, पहिल्या गाडीवाल्याला शाल-टोपी. मुहूर्ताचा भाव मानाचा असतो. तो हंगामभर टिकत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी माणसं तो ऐकायला थांबतात. 2022 ला तर तो चढा भाव ऐकून याच भागात कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. पुढे भाव उतरत गेले, आणि त्या ढिगाशेजारी झोपणाऱ्या घरांनी अंगाची खाजही सोसली.

28 ऑगस्ट.
शुल्कमाफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू कापसाची ऐन आवक. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर होता. पण त्यासाठी ॲपवर नोंदणी हवी, सातबारावर पीकपेरा हवा, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. हरभऱ्याचं बी आणायला ज्याला तेव्हा लगेच पैसे लागतात, त्याच्या ओट्यावर खेडा खरेदीवाला काटा घेऊन येतो. तो नोंदणी विचारत नाही. भाव तोच सांगतो.