थिंग्ज चेंज
‘टीन टायटन्स’ ह्या अमेरिकन सचेतनपट-मालिकेचा ६५ वा व अखेरचा भाग (प्रक्षेपण १६ जानेवारी २००६). मालिकेतील वीरपथकाशी द्रोह करून शेवटी आत्मबलिदानाने पाषाणरूप झालेल्या टेराची मूर्ती नाहीशी होते, आणि तिच्याशी हुबेहूब साम्य असलेली एक शाळकरी मुलगी पथकातील बीस्ट बॉयला ओळख देण्याचे नाकारते, हा त्याचा गाभा. ती टेराच की काय, आणि असल्यास तिची स्मृती लोपली की ती पूर्वायुष्य जाणूनबुजून नाकारते, ह्याचा निकाल कथेने न दिल्यामुळे प्रेक्षकांत दोन तट पडले : शेवट अपुरा राहिला ही एका पक्षाची तक्रार, तर गतकाळ परतत नाही हे कटू सत्य बालकांपुढे निर्भीडपणे मांडले, हा दुसऱ्याचा अभिप्राय. त्याच वर्षीच्या ‘ट्रबल इन टोकियो’ ह्या मालिकेवरील चित्रपटानेही हा प्रश्न अनिर्णितच ठेवला.